हातांवर बसणाऱ्या जाधवबाई

जाधवबाई स्वतःच्या हातांवर बसायच्या. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून, बाकाच्या टोकाला. समोर शाळेचा एकुलता एक टॅब, भोवती चार मुली. पडद्यावर चौघींनी मिळून खेळायच्या खेळातली होडी. दोघींकडे एकेक वल्हं, तिसरीकडे सुकाणू, चौथीने आत आलेलं पाणी उपसायचं. एकीचंही चुकलं की होडी खडकावर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना! आपटतेय ती!"

"बुडू दे, ताई. बुडल्याशिवाय एकमेकींना हाक मारत नाहीत."

होडी बुडाली. "आमच्या बाबांची नाय अशी बुडत," सुकाणूवरची सायली फणकारली. "बाबा खलाशांशी बोलतात, म्हणून," जाधवबाई म्हणाल्या.

बाई केळशीच्या. पूर्णगडच्या आमच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मी तिथे बारा वर्षं खो-खो शिकवत होते. रेषेवर उभी राहून मी ओरडायचे, "वळ! उठ! खो दे!" मुली माझ्या तोंडाकडे बघत खेळायच्या. मला ते आवडायचं. आता मधल्या सुट्टीत त्याच मुली जेवणाचे डबे अर्धवट टाकून जाधवबाईंच्या वर्गाकडे पळायला लागल्या. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, पडद्याने डोळे बिघडतात. ते खरं होतं, पण मी सांगितलं ते डोळ्यांसाठी नव्हे. जाधवबाईंना कळलं तर म्हणाल्या, "बरोबर आहे ताईंचं," आणि घरातलं गजराचं घड्याळ आणून खेळ पंधरा मिनिटांवर आणला. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तालुक्याच्या स्पर्धेत पंचांनी मला ताकीद दिली. रेषेबाहेरून पुन्हा ओरडलात तर संघ बाद. मी तोंड मिटलं आणि सामना गेला असं धरून चालले. तेवढ्यात मैदानातून आवाज आला, "रुचिता, तुझ्या पाठीमागून येतेय गो! उठायच्या तयारीत राहा!" रुचिता पाठ करून बसली होती, तिला दिसत नव्हतं ते शेजारची सायली सांगत होती. मग सगळ्याच बोलायला लागल्या. माझ्याकडे एकीनेही पाहिलं नाही. आम्ही जिंकलो.

ढाल घेऊन मुली धावल्या त्या जाधवबाईंकडे. त्या प्रेक्षकांत खुर्चीवर, हात मांडीखाली. "आधी सुर्वेबाईंकडे जा गो," त्यांनी दटावलं. "पळायला कोणी शिकवलं तुम्हाला?" मुली आल्या, पण पाठवल्या म्हणून आल्या. ते मला आजही डाचतं.

या वर्षी त्यांची बदली झाली, घराजवळ, दापोली तालुक्यात. निघताना टॅब माझ्या हातात दिला. "हात सांभाळा, ताई," एवढंच म्हणाल्या.

आता पंधरा मिनिटं मी बसते हातांवर. काल नव्या चौघींची होडी खडकाकडे सरकत होती. माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, ओठांवर "डावीकडे!" आलं होतं. तेवढ्यात एक ओरडली, "तू थांब गो, मी ओढते!" होडी वाचली. चौघी एकमेकींना टाळ्या देत सुटल्या. माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही.

मग लक्षात आलं, खेळताना त्या जाधवबाईंकडेही कधी बघत नव्हत्या. त्यांना ते चालत होतं. मला अजून चालत नाही. तरी हात काढले नाहीत.