ब्रॅकनेलमधली अमेरिकन निवडणूक

...कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, हात कणकेत होते, कचऱ्याचं बिन बाहेर ठेवायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यात ब्रॅकनेलहून माझ्या नणंदेचा, मंदाचा फोन आला. "वहिनी, मी घर सोडून तुझ्याकडे येते. अरविंदचं तोंड बघायचं नाही मला."

अरविंदराव तिचे यजमान. दोघं बरीच वर्षं अमेरिकेत राहून, तिथले नागरिक होऊन इकडे इंग्लंडला आलेले. ती एका पक्षाची, ते दुसऱ्याचे. तिकडे निवडणूक आली की इकडे अबोला. या वेळी मात्र प्रकरण बॅग भरण्यापर्यंत गेलं होतं. लंडनमधल्या हॅरोच्या माझ्या फ्लॅटमध्ये एकच बेडरूम. म्हटलं, तू नको, मीच येते.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा, भाडं कमी पडतं. भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइननं बेकर स्ट्रीट, तिथून वॉटर्लू, पुढे रेडिंगची गाडी, ब्रॅकनेल वाटेतच लागतं. ज्येष्ठांच्या सवलतीचं सीनियर रेलकार्ड विसरू नका. डबा घरचाच न्या. मी वॉटर्लूला सँडविच घेतलं, ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं.

ब्रॅकनेलच्या घरात फ्रिजला मधोमध चिकटपट्टी. वर मंदाचं दही, खाली अरविंदरावांचं. मीठ तेवढं तटस्थ. दोन खोल्यांत दोन टीव्ही, दोन चॅनेल, आवाज फुल. मी जिन्यात बसून चहा प्यायले, कारण जिना अजून कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

"वहिनी, मंदाला सांगा, चहात साखर नाही."

"त्याला सांग, साखर त्याच्याच कप्प्यात आहे."

एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. आपली मतं एकमेकांना खोडतात, तेव्हा यंदा दोघांनीही द्यायचं नाही. तशी शपथच झाली होती.

शनिवारी सकाळी दूध आणायला निघाले, तर मंदानं पिशवीत एक पाकीट सरकवलं. "अमेरिकेचं आहे. पोस्टात टाक. त्याला बोलू नकोस." फाटकापाशी अरविंदराव. "वहिनी, एवढं पाकीट टाकाल? मंदाला नका सांगू."

दोन्ही पाकिटांत टपाली मतं. दोघांनाही वाटत होतं, आपण एका मतानं जिंकलो. गुपचूप टाकली असती, तर अबोला तसाच राहिला असता. मी परत फिरले आणि दोन्ही पाकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"लबाड!"

"मी लबाड? शपथ घ्यायला कोण लावत होतं?"

"पोस्ट दुपारी बंद होतं," मी म्हटलं.

गाडी एकच. चालवायला मंदा, शेजारी ते, मागे मी. ब्रॅकनेलमध्ये राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, फार. भांडणाच्या भरात एकालाच आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. मला हसू आवरेना.

"हसताय काय वहिनी? राष्ट्रकुलातलं म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथं मत देता येतं. तुम्ही नाव नोंदवलंय का?"

"नाही."

"का गं?" मंदानं विचारलं.

"तुझा दादा कायम माझ्या उलट मत द्यायचा. तो गेला. आता कुणाचं खोडायला जाऊ?"

मंदानं आणखी एक फेरी मारली.

पाकिटं मुदतीत पडली. घरी येताना दोघं एकाच पुडक्यातले चिप्स खात, कोण खोटारडं यावर तावातावानं बोलत होती. मंदाची बॅग पुन्हा माळ्यावर गेली. चिकटपट्टी आहे तशीच आहे.

रविवारी घरी आले. गुडघे दुखत होते, खर्च फार झाला नव्हता. बातम्या लावल्या. आवाज कमी कर म्हणणारं कुणी नव्हतं. मी बराच वेळ टीव्हीशी एकटीच भांडले.

सोमवारी सकाळी मी मतदार यादीत नाव नोंदवलं.