जीवखडा

कोंडाजीतात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमच्या चांदे गावात त्यांना बिडीशिवाय कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. नांगर धरतानाही एक ओठात आणि एक कानावर. रंभाकाकी चुलीपुढे बसून खोकायची. दोन आखूड आणि एक लांब, असा तिचा खोकला ठरलेला. "घराबाहेर तरी वडा," एवढंच म्हणायची. ऐकतो कोण?

सत्तावन्न साली काकी त्याच खोकल्यानं गेली. मुळा नदीच्या काठी दहावा होता. ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना. गाय सांभाळू, लेकीचं माहेर तोडणार नाही, सगळ्यांची वचनं देऊन संपली. शेवटी माझी आई, सारजाबाई, दिराला म्हणाली, "भावजी, आता त्या बिडीचं बोला."

तात्यांनी कानावरची बिडी काढून पाण्यात टाकली. "सोडली, रंभे."

कावळा लगेच उतरला. मी पौडला मास्तर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण अंगावर काटा आला, ते नाही कशाला म्हणू?

गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस ज्या खड्यात राहतो म्हणतात, तो जीवखडा कावळा शिवल्यावर नदीत सोडायचा असतो. तात्यांनी सोडला तो काठावरचा भलताच खडा. काकीचा त्यांनी कनवटीला लावला. हे आम्हाला मागाहून कळलं.

चार दिवसांत माणूस सैरभैर झाला. तात्या बैलांवर विनाकारण ओरडायचे, भरलं ताट सरकवून उठायचे. वैदू मुळी घेऊन आला, त्याला दारातूनच वाटेला लावलं. "औशदानं सुटली तर माजा बोल कसला?" म्हणाले. तलफ आली की मात्र कोपऱ्यात जाऊन काहीतरी तोंडात टाकत आणि शांत होत. आम्हाला वाटलं, सुपारी असेल.

महिन्याभरानं एका दुपारी आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. आई तांदूळ पाखडत होती. तात्यांनी तोंडात ते टाकलं आणि ओठ मिटले. आत चुलीपाशी कोणीतरी खोकलं.

दोन आखूड, एक लांब.

मी आत जाऊन पाहिलं. चूल गार होती, माणूस नव्हतं. बाहेर आलो तर आईच्या हातातलं सूप खाली पडलेलं.

"भावजी, तोंडात काय हाय?"

तात्यांनी खडा तळहातावर काढला. आतला खोकला थांबला.

"रोज येतीया," ते म्हणाले. "ह्यो तोंडात धरला की येती. ती खोकली की माजी तलफ मरती."

"अवो, तुमी तिला डांबून ठिवलंय."

"व्हय. पर ह्यो सोडला तर मी बिडी धरीन, वैनी. मंग दिल्या बोलाचं काय?"

आई सांडलेले तांदूळ गोळा करू लागली. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. ती जिवंत होती तेव्हा हाच खोकला ह्या माणसाला ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीवर निघाले, तसा मीही मागोमाग गेलो. गुडघाभर पाण्यात खडा मुठीत धरून ते बराच वेळ उभे राहिले.

"आता खोकायला कुनी न्हाई," म्हणाले आणि मूठ उघडली.

काठावर शेजारच्या गावचा गेणबा म्हशी धूत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पूर्वीप्रमाणे त्यानं पेटवलेली बिडी पुढे केली. तात्यांनी ती घेतली. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि परत त्याच्या हातात दिली.

"तूच वड, गेणबा. पर घराबाहेर वड."

पुढं ते अकरा वर्षं जगले. तलफ शेवटपर्यंत मेली नाही, पण बिडीला ओठ लावला नाही. दुपारी तलफ आली की चुलीकडे तोंड करून बसत, कान देऊन. आत कधीच कोणी खोकलं नाही.

"पोचली म्हनायची," असं म्हणत आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत.