हरकत घेवा रे!

छत्री मिटून काखेत, कानावरची पेन्सिल हातात, आणि समोर जमलेल्या माणसांकडे बघत काकुळतीचा आवाज: "हरकत घेवा रे, हरकत घेवा! कोणीतरी एक तरी घेवा!" सरकारच्या कागदावर तक्रार करा म्हणून लोकांच्या विनवण्या करणारा सरकारी माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. मालवणच्या किनाऱ्यावर, आमचा जिल्हा अजून रत्नागिरीच होता त्या काळात.

ते बंदर कचेरीत कारकून होते आणि मी खाडीपलीकडच्या शाळेत मास्तरीण. शाळेत जायचं तर होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. वादळवाऱ्याची खबर आली की बंदरावर धोक्याचा बावटा चढायचा. पण आमचा धक्का खाडीच्या आत, टेंबाच्या, म्हणजे एका छोट्या टेकडीच्या, आडोशाला. तिथून बंदर दिसत नसे, तर बावटा कुठला दिसायला! म्हणून कचेरीने धक्क्यावर निरोप धाडावा असा जुना नियम होता. निरोप म्हणजे हेच गृहस्थ आणि त्यांची खडखडणारी सायकल.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मला माहेरी नांदगावला जायची घाई. होडीत पाय टाकणार तोच सायकल आली. "सोडू नको रे होडी! बावटो चढलो!" म्हणत त्यांनी दोरच धरला. आभाळ तर स्वच्छ. मी भडकले, आणि भडकले की मी शुद्ध बोलते.

"ही काय मनमानी आहे? माझी एसटी चुकेल. माझी या गोष्टीला सक्त हरकत आहे!"

"आसांदे बाई," ते शांतपणे म्हणाले. "हरकत आसांदे. होडी पण हयच आसांदे."

अर्ध्या तासात असा वारा सुटला की धक्क्याला बांधलेली एक रिकामी डोंगी आमच्या डोळ्यांदेखत उलटली. मी चहाच्या खोपटात अंग चोरून बसले होते. त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "गरम आसा, फुकून पिया," एवढंच म्हणाले. मी माफी मागितली नाही. ते मला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं.

मग एका वर्षी, फणस तयार होण्याच्या सुमाराला, वरून एक छापील कागद आला. उतारू होड्यांच्या सुरक्षिततेचे नियम सुधारायचे होते, आणि त्यावर जनतेचं म्हणणं हवं होतं. गावोगाव वाचून दाखवायचं काम यांच्याकडे आलं. वाचताना त्यांची मान ताठ होई आणि भाषाही कडक इस्त्रीची. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात." कागद खाली गेला की पुन्हा आपले मालवणी. "कळला मां? आता बोला."

लोक बोलायचे, पण ते कागदावर घेण्याजोगं नसे. एक तर सूचना. आमच्या वाण्याचं म्हणणं असं, "सूचना देवची सरकारान आणि आम्ही ऐकाची. आम्ही सरकाराक सूचना देवची म्हणजे काय ता?" आणि दुसरा शब्द हरकत. आता तुम्हीच आठवून बघा, आपल्याकडे हा शब्द 'नाही' शिवाय कधी घराबाहेर पडलाय का? पाहुण्याच्या हातून कप फुटला, हरकत नाय. व्याही दोन तास उशिरा आले, हरकत नाय. उन्हातान्हात आलेल्या भल्या माणसाने "तुमची हरकत आसा काय?" विचारलं, तर "हो, आहे" म्हणणं हा सरळ उद्धटपणा.

"आमची काय एक हरकत नाय," लोक मनापासून म्हणायचे. "तुमी आदी पाणी पिया."

ते कपाळाला हात लावायचे. कट्टा गावच्या बाजारात भर दुपारी उभे राहिले, तिथून येताना सायकलीला भलामोठा फणस बांधून आणला. हरकत एकही नाही. सात गावं फिरून झाली आणि वहीत सात वेळा 'हरकत नाही'. साहेब खूश. जनता समाधानी आहे, असा शेरा मारायला ते मोकळे झाले.

त्या दिवशी हे गृहस्थ मधल्या सुट्टीत माझ्या शाळेत आले. कागद टेबलावर पसरून चौथ्या कलमावर बोट ठेवलं. 'बंदरावरील बावटा दिसताच होडी बंद ठेवावी.' निरोप धाडायचा जुना नियम त्यात गाळला होता.

"दिसताच, बाई! ह्यो एकच शब्द बगा. तुमच्या धक्क्यावरसून बावटो कधी दिसलो? दिसलो नाय म्हणजे होडी चालू. कायद्यान चालू. आणि श्रावणात मी रिटायर."

"मग तुम्हीच का कळवत नाही वर?"

"मी सरकारी माणूस. सरकारान सरकारावर हरकत कशी घेवची?" मग किंचित हसून म्हणाले, "आणि आमच्या ह्या सगळ्या खाडयेत ती फक्त तुमकाच येता. त्या दिवशी माझ्यावर केवढी मोठी घेतलात!"

म्हणजे विसरले नव्हते तर! मी शरमेने वहीत डोकं घातलं.

खरं सांगते, मी घाबरले. बोर्डाची नोकरी, सरकारी कागदावर आक्षेप, आणि कुणाच्या डोळ्यावर आलं तर बदली थेट खारेपाटणच्या पलीकडे. दोन दिवस तो कागद पिशवीत घालून नुसती फिरले. तिसऱ्या दिवशी होडीत माझ्या शेजारी दुसरीतल्या तीन मुली बसल्या होत्या, पाण्यात बोटं बुडवून खिदळत. मला राहवलं नाही.

हरकत हा शब्द मी उच्चारलाच नाही. एवढंच विचारलं, "यंदा पावसाळ्यानंतर बावटा चढला तरी सायकल येणार नाही. चालेल का तुम्हांला?"

तारी होडी वल्हवायचा थांबला. "तां कसां चालतला? माका वारो कळता तो मधी पाण्यात गेल्यार. तेंका कचेरीत आदी कळता."

"मेल्यांनू, ही होडी सायकलीर चलता, वल्ह्यार नाय!" पाटीवर हात आपटून एक मासळीवाली म्हणाली.

"यालाच हरकत म्हणतात," मी म्हटलं.

"ही हरकत? मगे ही आमची आसा! घाल लिवन!"

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर अंगठे उठवले. शाईची गादी त्यांनीच कचेरीतून आणली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "माका काय दिसाक नाय हां! माका कोणी इचारूचा नाय!" पण पाठमोरे असले तरी पाय एका जागी ठरत नव्हते. "झाला काय गो? तारयाचो अंगठो घेतलात?" सगळ्यांचे अंगठे झाल्यावर अगदी तळाला, बारीक अक्षरात, मी माझं नाव लिहिलं. त्यांनी कागद उचलला, ते बारीक अक्षर पाहिलं आणि घडी घातली.

पावसाळा सरला आणि नवे नियम छापून आले. तोवर ते निवृत्त झाले होते, पण वाचून दाखवायला तेच आले, सुनेने धुतलेला पांढरा सदरा घालून. 'जेथून बंदरावरील बावटा दिसत नाही, तेथे जवळच्या उंचवट्यावर दुसरी डोलकाठी उभारावी.' हे वाक्य त्यांनी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी मान ताठ राहिली नाही. आम्हांलाही मग इकडे तिकडे बघावं लागलं.

डोलकाठी टेंबावर उभी राहिली, त्यांच्या घराच्या जरा वर. बंदरही दिसे, आमचा धक्काही दिसे. घर जवळचं म्हणून बावटा चढवायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. सात वर्षं त्यांनी ते केलं. बावटा चढवून झाला की वरून हात हलवत ओरडायचे, "सोडू नको रे होडी!" इतक्या लांबून ऐकू येत नसे. पण तारी खालून "होय, होय" म्हणायचा.

एकदा मी मुद्दाम टेंब चढून गेले. दम लागलेला असतानाच म्हटलं, "त्या दिवाळीत मी तुम्हांला फार बोलले होते. चुकलंच माझं."

ते दोरीची गाठ सोडवत होते. हसून म्हणाले, "हरकत नाय, बाई."

त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी तेवढ्या एकाच वेळी ऐकले.

शिमग्यानंतर ते गेले. चार दिवसांचा ताप, बस्स. मृगाच्या आधी कचेरीतला नवा कारकून धक्क्यावर आला. तरुण, नम्र, बोलायला गोड. म्हणाला, "बावट्यासाठी माणूस नेमायला अजून वेळ लागेल. एवढं वर्ष आपलं आपण भागवून घ्या. हरकत नाही ना?"

उत्तर तर पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं. पण ते कोणी दिलं नाही. मासळीवाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग तारयाने वल्हं खाली ठेवलं.

"हरकत आसा," तो म्हणाला. "आमची हरकत आसा. लिवन घेवा."

पोरगा गोंधळला. मी टेंबाकडे पाहिलं. डोलकाठी मोकळी होती आणि सुटी दोरी वाऱ्याने काठीवर आपटत होती. माझे डोळे भरून आले, पण आवाज मी भरू दिला नाही.

"कागद काढा," मी त्याला म्हटलं. "पहिलं नाव माझं लिहा. मोठ्या अक्षरात."