मिस ओपल शीळ घालत नसत

शर्यतीचा कुठलाही ग्रेहाउंड कुत्रा समोर आला की मिस ओपल आधी त्याचे कान उलटून बघत. डाव्या कानात वेताचा नंबर, उजव्यात जन्माचा महिना आणि वर्ष, हिरवट शाईत गोंदलेलं. वाचून झालं की कान पुन्हा अलगद मिटत.

दार उघडताना त्या आधी गुडघा पुढे घालत, मग हात. कुत्रं फटीतून निसटू नये म्हणून. घरात एकही कुत्रं नसलं तरी.

पेपरोनी रोल, म्हणजे आत मसालेदार मांस भरलेला पाव, मधोमध मोडत आणि मोठा तुकडा समोरच्याला देत.

कोटाच्या डाव्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे असत. उजव्या खिशात कधीच नाही. उजवा खिसा किल्ल्यांचा.

रस्त्यावरून ट्रक गेला की बोलता बोलता थांबत. ट्रक पुलापलीकडे, शेजारच्या ओहायो राज्याच्या बाजूला उतरला की वाक्य पुरं करत.

आणि शीळ घालत नसत. दुसऱ्या कुणी घातली तर खोलीतून उठून जात. ही सवय मला सगळ्यांत उशिरा कळली. माझ्याच चुकीने कळली.

मंगळवारी त्या गेल्या. आज शुक्रवार. सकाळी दफन झालं.

त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांतली एकतीस वर्षं त्यांनी आमच्या गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर काढली. ट्रॅकमागच्या आवारात ओळीने केनेल आहेत, एकेकात साठ-सत्तर पिंजरे. तिथे खाणं घालणं, मुसकी बांधणं, पाय चोळणं, शर्यतीच्या ट्रकमध्ये कुत्री चढवणं ही त्यांची कामं. ते सोडल्यावर त्या शर्यतीतून बाद झालेल्या कुत्र्यांना घरं शोधून देऊ लागल्या.

मी कॉलेजात असताना तीन उन्हाळे त्याच ट्रॅकवर काम केलं. नंबराचं जाकीट घातलेलं कुत्रं प्रेक्षकांसमोरून चालवत न्यायचं, सुरुवातीच्या पेटीत ढकलायचं, बाजूला व्हायचं. साहित्याची पदवी घेऊन मी गावी परतले आणि लायब्ररीत लागले तेव्हा मिस ओपल काउंटरवर आल्या. हातात एकही पुस्तक नव्हतं.

"चार वर्षं गोष्टी वाचून काय शिकलीस गं पोरी?"

"फारसं काही नाही, मिस ओपल."

"मग शनिवारी ये. कुत्री धुवायची आहेत."

तशी आमची मैत्री झाली.

डीकन नावाचा कुत्रा यंदा ऑगस्टमध्ये शर्यतीत पडला. पहिल्याच वळणावर तीन कुत्री एकमेकांत गुंतली आणि त्याचा मागचा उजवा पाय घोट्यात मोडला. उजवाच मोडतो. सगळी वळणं डावीकडे असतात, भार त्या पायावर येतो. मालकाने डॉक्टरला सांगितलं, संपवून टाका. मिस ओपल डॉक्टरच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत.

"ओपल, बाजूला हो."

"मला द्या तो. पाय मी बघते."

"तू लंगडं कुत्रं घेऊन गावभर फोटो काढत हिंडणार, आणि बोलणी कोण खाणार? मी."

"एकही फोटो काढणार नाही."

मालकाने मान खाली घालून विचार केला. शेवटी म्हणाला, "नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत. तोवर कुणाच्या घरी कायमचा गेला तर गेला. नाही तर कागद माझ्या नावावर आहे. मी घेऊन जाईन." घेऊन जाऊन काय करणार हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पाय सळई घालून जुळला. डीकन थोडा लंगडत राहिला. पट्टेरी, लांब तोंडाचा, गंभीर. चर्चमधल्या पुढच्या बाकावरचा म्हातारा दिसतो तसा. म्हणून डीकन, चर्चचा सेवक. लंगडा कुत्रा कुणाला नको होता. फक्त डेल्बर्ट यॉस्टला चालत होता. डेल्बर्ट शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एकटा राहतो. तो बघायला आला तेव्हा डीकन त्याच्याजवळ गेला आणि सगळं अंग त्याच्या मांडीला टेकवून उभा राहिला.

"हे काय? हा पिऊन आलाय का?"

"तू पसंत पडलास त्याला," मिस ओपल म्हणाल्या. "आवडलं की असेच टेकतात हे."

"बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी टेकलं नव्हतं," डेल्बर्ट म्हणाला. मग लाजून त्याने टोपी सारखी केली. "पण वर कसा नेऊ, ओपल? चौदा पायऱ्या आहेत. माझ्या कमरेचं तुला माहीत आहे. हे सत्तर पौंडांचं धूड मी उचललं तर आम्हां दोघांना एकाच खड्ड्यात पुरावं लागेल."

"उचलायचं नाही. तो चालत येईल."

"याला येतं?"

"नाही."

शर्यतीच्या कुत्र्याने पायऱ्या पाहिलेल्याच नसतात. सपाट जमीन, वाळू, ट्रकची उतरती फळी, एवढंच त्याचं जग. मिस ओपलच्या घरात तेरा पायऱ्या होत्या. त्यांनी खाली एक लाकडी खोकं उलटं ठेवलं आणि चौदा केल्या. मग डीकनच्या मागे ओणव्या होऊन एकेक पाय हाताने उचलून वर ठेवू लागल्या. पुढचा डावा. पुढचा उजवा. मागचा. कलेजीचा तुकडा. डीकन थरथरायचा. एक पायरी दोन दिवस, कधी तीन. पायरी त्याची झाली की तिच्या उभ्या फळीवर त्या खडूने तारीख लिहीत. ऑक्टोबर संपताना नऊ तारखा झाल्या होत्या.

नवव्या पायरीवर तो अडला. तिथून वरचा अंधारा बोळ दिसतो. आठवडाभर तो तिथेच उभा राहायचा, जीभ बाहेर, आणि पुढे नाही.

एका शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. मिस ओपल पायऱ्यांवर बसून गुडघा चोळत होत्या. डीकन नवव्या पायरीवर. मला वाईट वाटलं आणि मी शीळ घातली. दोनच स्वर, एक खालचा, एक वरचा. ट्रॅकच्या आवारात आम्ही सगळे घालायचो तीच.

डीकनचे कान ताठ झाले. तो दोन ढांगांत चार पायऱ्या चढला.

"मिस ओपल! बघितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या वर गेल्या, डीकनच्या छातीखाली हात घातला आणि त्याला एकेक पायरी करत पार खाली आणलं. मग ओलं फडकं घेतलं आणि नऊच्या नऊ तारखा पुसल्या.

"हे काय करताय?"

"ती शीळ कुठे शिकलीस?"

"आवारात. तिथे सगळेच घालतात."

"सगळेच घालतात," त्या म्हणाल्या. फडकं पिळलं. "माझी आहे ती."

त्या खोक्यावर बसल्या. मी उभीच राहिले.

"नवी, कोवळी कुत्री होती. ट्रकच्या फळीवर चढायची नाहीत. दुसऱ्या केनेलमध्ये ओढून चढवायचे, गळपट्टा आवळून. मला ते बघवेना. मी कलेजी आणि शीळ सुरू केली. महिन्यात माझी कुत्री रांगेत चढायला लागली. सगळे बघायला यायचे. ओपलची कुत्री बघा, म्हणायचे. मग त्यांनीही उचलली ती." त्यांनी डीकनचा कान उलटला, वाचला, मिटला. "शर्यतीचा ट्रक रोज यायचा. सोमवारी सकाळी दुसरा यायचा. हरणाऱ्यांसाठी. शेतावर नेतो म्हणाले. तिथून लोकांच्या घरी जातील. मी एकदा विचारलं, कुठलं शेत? आत, ओहायोत, म्हणाले. मला शेत हवंच होतं. पुढे विचारलं नाही."

"मग?"

"शीळ घातली की शेपट्या हलवत चढायची गं. त्यांना वाटायचं, शर्यत आहे."

बाहेरून ट्रक गेला. त्या थांबल्या. तो पुलापलीकडे उतरला.

"सहा वर्षांनी शेरिफचा माणूस एक कागद घेऊन आला. कानांतले नंबर होते. एका खाणीच्या खड्ड्यात सापडलेली कुत्री. एकोणीस. ओळखता का, म्हणाला. एकोणीसच्या एकोणीस माझ्या हातची."

"म्हणून तुम्ही काम सोडलंत?"

"नाही." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आणखी बरीच वर्षं केलं. तो ट्रक बंद झाला, तरी केलं. मी फक्त शीळ बंद केली. एवढंच केलं मी."

मग मी जे बोलले ते चुकीचं होतं. "पण हा तर घरी चाललाय, मिस ओपल. डेल्बर्टकडे. एकदा शीळ घातली तर काय बिघडणार आहे? आता सव्वीस दिवस राहिलेत."

"मला येतं मोजता."

"मग?"

"हा घरी चाललाय हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे? ती शीळ ऐकून तो कुठेही चढेल. मी त्याला पुन्हा तसा चढवणार नाही. बघून चढू दे. आता जा, कलेजी आण."

त्या पुन्हा खोक्यापासून सुरू झाल्या.

डेल्बर्टला मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल.

"बाई हट्टी आहे," तो म्हणाला. "माझ्या लग्नाआधीपासून अशीच. नाचायला बोलावलं तर म्हणायची, मी माझी येईन, हात ओढू नकोस." मग म्हणाला, "पण वेळेत नाही झालं तर?"

दुसऱ्या वेळी डीकन लवकर शिकला, तरी पुरेसा लवकर नाही. मागच्या शनिवारी सात. रविवारी आठ. मी रोज लायब्ररीत जाण्याआधी त्यांच्याकडे जात होते. एकदा एकटी असताना, तिसऱ्या पायरीवर त्याच्या शेजारी बसून, मी ओठ गोल केले होते. मग सोडून दिलं. त्यांना हे मी सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात कॉफीचा वास नव्हता. डीकन नवव्या पायरीवर उभा होता. वर बघत होता. त्याला वर जाता येत नव्हतं आणि खाली उतरता येत नव्हतं. सळईचा पाय लटपटत होता. किती वेळ तसा उभा असेल, मला माहीत नाही.

मी हाक मारली. वरून उत्तर आलं नाही. मी त्याला ओलांडून वर गेले.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच. हृदय. त्यांना काही कळलं नसेल.

खाली येऊन मी त्याच्या शेजारी बसले. मग त्यांच्यासारखा छातीखाली हात घातला आणि एकेक पायरी करत त्याला उतरवलं. उतरताना फळी दिसली. नववीवर आदल्या दिवशीची तारीख होती. त्यापुढे त्यांनी एक शब्द लिहिला होता. आधी कुठल्याच पायरीवर लिहिला नव्हता. "स्वतःहून."

थँक्सगिव्हिंगला सहा दिवस आहेत. काल मालकाचा फोन आला होता. ओपलचं ऐकून वाईट वाटलं, म्हणाला. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो, म्हणाला. मी त्याला आणखी मुदत मागितली. तो म्हणाला, मी ओपलला शब्द दिला होता, तुला नाही.

दफनाहून डेल्बर्ट माझ्याबरोबर इथे, मिस ओपलच्या घरी आला. काळा कोट न काढताच कठडा धरून तो वर चढला आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला. बसताना कण्हला. मी डीकनला नवव्यापर्यंत आणलं. आता हे लिहिताना तो माझ्या खांद्याला टेकून उभा आहे.

"ए डीकन," डेल्बर्ट वरून म्हणतो. "इथे वर काहीही नाही बाबा. मी आहे नुसता. बघ."

डीकन बघतो.

मी त्याचा पुढचा डावा पाय उचलून दहाव्या पायरीवर ठेवते. तो काढून घेतो. मी पुन्हा ठेवते.

"ती शीळ..." डेल्बर्ट म्हणतो. मग म्हणतो, "नको. राहू दे."

कलेजी माझ्या डाव्या खिशात आहे. खडू मिस ओपलनी ठेवला होता तिथेच, नवव्या पायरीच्या कोपऱ्यात. दहाव्या फळीवर तारीख नाही. अकराव्या, बाराव्या, तेराव्या, चौदाव्या फळीवरही नाही.