चतुर्दशीचं पान

गेल्या वर्षी पितृपक्ष लागला आणि सासूबाईंनी जेवण सोडलं. नुसत्या चहावर राहायच्या. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेतली तर चक्कर येईल, बेशुद्धही पडाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मुळातच काळजीखोर बाई. गॅस बंद केला का ते बघायला आमच्या टेमघर वस्तीच्या अर्ध्या वाटेवरून परत येते. त्या दिवसांत तर मी रात्रीतून कितीदा तरी उठून त्यांच्या नाकासमोर हात धरून बघत होते. देवीपुढे बसले तरी नाव देवीचं आणि कान आतल्या खोलीकडे.

त्यांचं म्हणणं एकच होतं. त्यांच्या मुलाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, पान आता चतुर्दशीला वाढायचं. शस्त्राने किंवा घातपाताने गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. कापडाचे तागे पोचवायला हे मुंबईच्या बाजारात गेले होते तेव्हा तिथे बॉम्बस्फोट झाला होता. त्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी घरी आले. खांद्यात काचा, एक कान गेलेला, पण जिवंत. आम्ही गावदेवीची ओटी भरली, पेढे वाटले. वाचले म्हणून किती हरखलो होतो आम्ही! पुढे छाती भरू लागली, झोप गेली. वीज जाऊन परत आली की गल्लीतले सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग, एकदम धडधडू लागतात. भिवंडीत राहणाऱ्याला त्याचं काय, पण हे ताटावरून उठून भिंतीला टेकून उभे राहायचे. सातव्या वर्षी दवाखान्यात प्राण सोडला. आजाराने गेले, असं सगळे म्हणाले. बाजारातल्या स्मारकावर त्यांचं नाव नाही.

षष्ठी ही त्यांची तिथी. मी रीतसर पान वाढलं, सासूबाईंनी तोंड फिरवलं. "माझा पोर बॉम्बनं गेला. आजार मागून आला. चौदसला वाढ, न्हायतर मला वाढू नको." गुरुजींना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत, पण नियमाला पक्के. म्हणाले, अंथरुणावर गेलेल्या माणसाचं चतुर्दशीला करत नाहीत. मला धास्ती बसली. नियम मोडला आणि ह्यांना पोचलंच नाही तर? नाही मोडला आणि सासूबाईंचं काही बरंवाईट झालं तर? गावदेवीच्या देवळात जाऊन मी अक्षरशः रडले. म्हटलं, आई, मला कळत नाही, आता तूच बघ.

चतुर्दशीला स्वयंपाक केला, पण खीर दोनदा लागली. आमच्यात पितरांच्या पानावर बाहेरचा एक माणूस जेवायला बसवतात, मग घरचे जेवतात. कोन गावचे चुलतदीर येणार होते. ऐनवेळी त्यांचा फोन आला, गोदामात माल उतरतोय, जमत नाही. गुरुजींचं म्हणणं त्यांच्याही कानावर गेलं असावं. पान वाढलेलं, दुपार उलटत चाललेली, आणि आत सासूबाईंना घाम फुटलेला. मी खडीसाखर पुढे केली, त्यांनी हात झटकला.

तेवढ्यात दार वाजलं. साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ होते. "खाली पाटी बघितली. खोली द्यायची आहे ना?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "कोन आलाय? बसव त्याला पानावर."

ते गोंधळले, पण नाही म्हणाले नाहीत. फक्त खुर्ची मागितली. एक पाय लाकडी आहे, फौजेत असताना सुरुंगावर पडला, म्हणाले. मग हात धुऊन विचारलं, "पान कुणाचं?"

"ह्यांचं. बॉम्बस्फोटात... म्हणजे लगेच नाही, सात वर्षांनी," मी सवयीने सांगू लागले. इतकी वर्षं मी सगळ्यांना असंच सांगत आले होते, उशिरा मरून ह्यांनी जणू काही चूक केली.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ताई, माझ्याबरोबरचा एक जण त्याच सुरुंगातून वाचला. पाच वर्षांनी घरीच वारला. आम्ही त्याला चौदसलाच पाणी सोडतो. जखम त्या दिवशीचीच ना?"

मग त्यांनी ह्यांचं नाव विचारलं, आपल्या मित्राचं नाव त्याला जोडलं आणि पहिला घास घेतला. मी आत धावले. सासूबाईंनी वाटीभर खीर खाल्ली, वर भात मागितला. मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि त्यात दुःख फार थोडं होतं.

खोली त्यांनी घेतली नाही. पाण्याची वेळ गैरसोयीची आहे म्हणाले. पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांना कुणी पाठवलं याचा वाद मी घालत नाही. देवीने माझ्यावरचा भार उचलला, एवढं मला कळतं. काळजी माझ्या हातात ठेवून काही होत नव्हतं, तिच्यावर सोपवली तेव्हा वाट निघाली.

यंदा चतुर्दशीला मी दोन पानं वाढली. सासूबाईंनी विचारलं, "दुसरं कोनाचं?"

"माहीत नाही. ह्यांच्यासारखे मागून गेलेले कितीतरी असतील. देवी बोलवील त्याला."

त्यांनी भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "मग भात वाढव गो. लय जण येतील."