पंचमीच्या दिवशीची मेंदी

मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर मी नुकताच माळी म्हणून लागलो होतो. मालक मुंबईचे. मेंदीच्या कुंपणावर छडी टेकवून ते बजावून गेले, "नागपंचमीला येतो. कुंपण कमरेइतकं आणि एका सुतात, सरळ हवं. नाहीतर दुसरा माळी बघीन."

मेंदी मोठी चिवट. पावसाळ्यात दर आठवड्याला कात्री फिरवली तर बुडापासून दाट होते, मोकळी सोडली तर वर पळत सुटते. मी सोडली. पावसात भिजत कापायचा मला भारी कंटाळा. आषाढ संपेपर्यंत कुंपण माझ्या डोक्याला लागलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या वलवण गावच्या बायका फाटकाशी आल्या. "भाऊ, हातावर लावायला मूठ-मूठ पाला घेतो. लय न्हाई." मला वाटलं, देवच पावला. शेंडे ह्या खुडतील, आपले श्रम वाचतील. "घ्या की मावशी, लागंल तेवढा घ्या!" असं म्हणून मी आत व्हरांडा धूत बसलो.

अंधार पडता पडता बाहेर येऊन बघतो तर काय! बायकांनी हाताला सहज येईल तेवढाच पाला ओरबाडला होता. छातीपर्यंत नुसत्या काड्या आणि वर हिरवं टोपलं.

दुसऱ्या दिवशी कापायची सोय नव्हती. पंचमीला आमच्यात भाजीसुद्धा चिरत नाहीत. घरातून निघताना आईनं दम दिला, "आज हिरव्याला कात्री लावलीस तर घरात पाय ठिवू नगंस!"

मालक मोटारीतून उतरले, कुंपण पाहिलं आणि कडाडले, "कात्री आण! काप!"

मी कात्री आणून पुढं धरली. तरी बोलून गेलो, "आज पंचमी हाय, मालक. आज न्हाई कापायचं."

"मग मीच कापतो. तू चालता हो!" त्यांनी कात्री उघडली, तोच मागून मोटारीतून उतरत मालकीणबाई ओरडल्या, "अहो! पंचमीला? ठेवा ती खाली!" मालकांनी कात्री निमूटपणे पाठीमागे लपवली.

बाई माझ्याकडे वळल्या. "निघायच्या गडबडीत माझी मेंदी राहिलीच. थोडा पाला देतोस?"

खाली एक पान नव्हतं. मी स्टूल आणून वर चढलो. ओल्या मातीत ते डुगडुगायला लागलं, तसं मालकांनीच पुढं होऊन धरलं.

मी खुडत होतो. खालून मालक पुटपुटले, "उद्या लवकर ये. वरचं सगळं उडवून टाक."

उद्या ये म्हणाले! मला एवढा आनंद झाला की ओंजळभर पाला त्यांच्या टोपीवर सांडला.