सवतीच्या नावाचं जेवण

मी बिजवराशी लग्न केलं. त्याची पहिली बायको सवाष्ण गेली, म्हणून दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचं, असं सासूबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलेलं. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, भर दुपारी सवाष्ण कुठून आणायची? ओळखीच्या सगळ्या जणी ऑफिसात. नवरा म्हणाला, "वीकेंडला करू ना." जणू तिथी म्हणजे कौन्सिलची कचऱ्याची गाडी, आज नाही तर उद्या. शेवटी चिडून मी शेजारच्या आजींना बोलावलं. नवरा हयात, एवढी एकच अट त्या पुरी करत होत्या.

वडे, खीर, भात वाढला. त्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती, त्यांना चहा वर्ज्य, त्यामुळे विचारायचा नाही हे मला ठाऊक होतं. जेवता जेवता त्यांनी विचारलं, हे कुणासाठी? मी सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मीही दुसरीच," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पणजीची बहीण इथूनच बोटीने अमेरिकेला गेली आणि तिथे पहिल्या दोघी नांदत असताना एकाची तिसरी बायको झाली. पुढे पंथातली ती प्रथा रीतसर बंद झाली. आता कुणी दोन बायका केल्या तर चर्चमधून काढून टाकतात. पण हे फक्त पृथ्वीवरचं. त्यांच्या मंदिरात नवरा-बायकोची गाठ मरणानंतरच्या काळासाठीही बांधतात. पहिली वारली तरी ती सुटत नाही, आणि विधुराला दुसरीशीही तशीच बांधून घेता येते. म्हणजे वर गेल्यावर दोघी. आजींच्या नवऱ्याची पहिलीशी अशी गाठ बांधलेली, आजींशी लग्न नुसतं कायद्याचं. बारा वर्षं नवरा मंदिरात चल म्हणतोय आणि त्या टाळताहेत. आता त्याला कॅन्सर. डॉक्टरांनी ख्रिसमसपर्यंतचं सांगितलेलं.

"गेले तर कायमची दुसरी. नाही गेले तर कायमची एकटी. तू काय केलं असतंस?"

आमच्याकडे वटपौर्णिमेला हाच नवरा सात जन्म मागतात. माझा नवरा त्याच्या पहिलीने माझ्याआधीच मागून ठेवलेला. मी उपास करते आणि मागायच्या वेळी गप्प बसते. रांगेत मध्ये घुसल्यासारखं वाटतं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते, नवऱ्याला तर नाहीच. आजींना सांगितलं.

नोव्हेंबरात त्या सरेतल्या मंदिरात जाऊन आल्या, नवऱ्याची व्हीलचेअर ढकलत. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी विचारलं, का गेलात?

"तो घरात बोलतच नाही गं. पहिल्यापासून. तिने त्याच्याबरोबर दिवस कसे काढले, याचंच मला नवल वाटत आलंय. आता निदान वर गेल्यावर तिला विचारता तरी येईल."

मी हसले आणि घरात आले. नवरा हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्याच्या पहिलीबद्दल मी कधी काही विचारलं नव्हतं.

"ती खूप बोलायची का रे?"

त्याने एक कान मोकळा केला. "कोण?"

मला तिच्यासाठी रडू आलं.